प्रागचे चार दिवस आणि सुशीलेची तीन वर्षं

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मंडळाचे सचिव दोन महिने माझ्या मागं लागलेत. "सर, आपल्यातलं दुसरं कोण प्रागला जाणार? चार पानं लिहा, अंकात टाकू. काय खाल्लं, काय पाहिलं, थंडी किती होती." लिहितो. थंडी मरणाची होती. बाकीचं वाचून झाल्यावर अंकात टाकायचं की नाही ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

मी बीडचा. पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली शेवटची नऊ वडवणीकडच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून. बायको सुशीला, माहेर उमापूर, शिक्षण चौथी. प्राग माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. इतिहास शिकवला तरी माझी धाव दौलताबादेपर्यंत. प्राग तिच्या डोक्यातलं.

मोबाइलवर एक मराठी बाई देशोदेशी फिरते आणि बडबड करते. सुशीला भाकऱ्या थापताना मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ते बघायची. एका दिवशी जेवायला वाढताना म्हणाली, "अव, तिथं एक घड्याळ हाय. तास झाला की वरच्या खिडक्या उघडत्यात, बारा बाबे एकामागं एक येऊन बघून जात्यात, आन हाडाचा सापळा घंटी वाजवतो. सहाशे वर्सं झाली, आजून चालतंय. आपलं भिंतीवरचं सा म्हैन्यात बंद."

"तुला इथल्या शेजारच्या पालीच्या धरणापर्यंत न्यायचं तर दोन महिने लागतात, आणि म्हणे प्राग," मी म्हणालो.

"न्यायला तुमाला येळ न्हाई म्हून लागत्यात. मी कवा न्हाई म्हनले?"

मी हसण्यावारी नेलं. तिनं नेलं नाही. नातवाची एक अर्धी कोरी वही घेतली आणि तिच्या चौथीच्या अक्षरात प्राग उतरवून काढायला लागली. कोणती ट्राम कुठं जाते. पुलावर सकाळी सातला जायचं, गर्दीच्या आधी. संडासाला सुट्टे पैसे जवळ ठेवायचे. दगडी रस्ते आहेत, चप्पल नको, बूट. वर्षभर हेच चाललं होतं. पौर्णिमेला विहारात बायका तिला विचारायच्या, "सुशीलाबाई, कुठवर आलं परागचं?" आणि ही त्यांना राजवाड्याची माहिती सांगायची, अशी की जणू कालच तिथून दळण आणलंय. शेवटी पुण्याच्या मुलानं विमानाची तिकिटं काढली, हॉटेल ठरवलं, आणि मला हो म्हणावं लागलं.

व्हिसाचं काम बसस्टँडसमोरच्या रफिकभाईंकडं दिलं. त्यांनी कागदांची यादी दिली आणि म्हणाले, "सर, पेन्शनीचा कागद, ब्यांकेचा कागद, समदं पक्कं पायजे. उनके यहां कागद बोलता, आदमी नहीं." मी मान डोलावली. पस्तीस वर्षं कागदांतच गेली होती, मला काय शिकवता असं वाटलं.

मुंबई

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागतं. सुशीलेनं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. तिथल्या मशीनवर तिची बोटं काही उमटेनात. काउंटरवरच्या पोरीनं तीनदा हात पुसायला लावले. सुशीला तिला म्हणाली, "बाई, भाकरीनं झिजलीत. दाबून बघ." चौथ्यांदा उमटली. बाहेर आल्यावर हिनं फूटपाथवर उभं राहून उसाचा रस प्यायला आणि मलाही पाजला. इतक्या खुशीत मी तिला मुलाच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी रफिकभाईंनी मला एकट्याला बोलावून घेतलं. दोन्ही पासपोर्ट परत आले होते. माझ्यात व्हिसा चिकटवलेला. तिच्यात कोरी पानं आणि सोबत एक पत्र. दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ.

"सर, भाभींची जन्मतारीख पासपोर्टावर येक, तुमच्या पेन्शनीच्या कागदावर येक. तीन सालाचा फरक हाय. कावून झालं आसं?"

का झालं ते मला तिथल्या तिथं कळलं. पासपोर्ट मुलानं काढला होता, तिच्या उमापूरच्या शाळेच्या दाखल्यावरून. म्हणजे त्यावरची तारीख खरी. पेन्शनच्या कागदावरची तारीख माझ्या सेवापुस्तकातून आली, आणि सेवापुस्तकात ती मी लिहिली.

आता सांगतो. सुशीला माझ्या घरात आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. दुसऱ्या वर्षी मला नोकरी लागली. बायकोचं नाव आणि जन्मतारीख लिहायचा फॉर्म समोर आला तेव्हा मी बोटांवर हिशेब केला आणि पेन थांबला. नवीन नोकरी, कुणी तक्रारीचा अर्ज केला तर काय घ्या! ज्या पोराची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नाही त्याच्या नावापुढं एक जून लिहायची हा आम्हा मास्तरांचा जुना रिवाज. अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस त्यामुळं एक जूनला येतो. मी तेच केलं. एक जून लिहिली आणि साल तीननं मागं ढकललं. लग्नात बायको अठराची झाली. चाळीस वर्षं कुणी विचारलं नाही, आणि मीही विसरलो म्हणायला मोकळा.

रफिकभाईंनी मार्ग सांगितला. तो अवघड नव्हता. "स्टँपपेपरवर लिहून द्या, सर, की तारीख मी चुकीची लिवलती. शाळेचा उतारा जोडा. पेन्शनचा कागद दुरुस्त होतो. दोन म्हैने लागतील. मग दोघं मिळून जावा."

मी म्हणालो, बघू.

बघू कसलं! मी ठरवूनच टाकलं होतं. मुख्याध्यापक असताना बालविवाह रोखायच्या तालुक्याच्या समितीवर मी होतो. मांडवात जाऊन लग्नं थांबवली. हळद लागलेल्या पोरीच्या बापाला भर वऱ्हाडात "लाज वाटत नाही का?" म्हणून विचारलं. त्याबद्दल शाल, श्रीफळ, सत्कार. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स पंधरा दिवस लटकत होता. आणि आता मी स्टँपपेपरवर काय लिहून देऊ? बीडमधला नोटरी माझा विद्यार्थी, त्याच्या शेजारचा झेरॉक्सवाला माझा विद्यार्थी. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं.

घरी येऊन सांगितलं, "तुझा व्हिसा नाही आला. त्यांच्याकडं कागदाचा काहीतरी घोळ झाला."

ती पीठ मळत होती. हात थांबले. "आन तुमचा?"

"माझा आलाय. तिकिटं परत होत नाहीत म्हणे."

तिनं परातीला चिकटलेलं पीठ खरवडून गोळा केलं. मग म्हणाली, "जावा मग. माज्या वाटचं बघून या."

ह्याला मी परवानगी समजलो. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला एवढंही कळू नये? कळलं होतं. सोयीचं नव्हतं म्हणून नाही कळलं.

प्राग, पहिला दिवस

मार्चचा पहिला आठवडा. विमानतळाबाहेर पडलो तर नाकातून वारं थेट मेंदूत गेलं. हॉटेल म्हणजे एका जुन्या इमारतीतला दुसरा मजला. खोलीत दोन पलंग जोडलेले, दोन कप, दोन टॉवेल, दोन्ही उशांवर एक-एक चॉकलेट. बुकिंग दोघांचं होतं, ते बदलायचं कुणाला सुचलंच नाही.

नाश्ता वाढणारी बाई साठीची असेल, उंच, करड्या केसांची. तिनं दोन बोटं दाखवून दुसरं कुठंय असं विचारलं. मी कपाळाला हात लावून आजारी असल्याची खूण केली. तिचा चेहरा इतका पडला की मलाच कसंतरी झालं. तिनं माझ्या दंडावर थोपटलं. तोंडातनं एक शब्द न काढता मी खोटं बोललो होतो.

सुशीलेनं धपाटे दिले होते, शेंगदाण्याची चटणी, वर लसूण. पिशवी उघडली तर दोन पुडकी निघाली. सवयीनं दोघांचं बांधलं होतं की मुद्दाम, कोण जाणे. मी खिडकीशी बसून एक पुडकं खाल्लं. खाली माणसं लांब कोट घालून गुमान चालत होती. एक गाडी हॉर्न वाजवील तर शपथ.

दुपारी राजवाड्याकडं जायला ट्राममध्ये चढलो. तिकीट खिशात होतं. मी आपला कंडक्टर येऊन पंच करील म्हणून ऐटीत बसलो. कंडक्टर नाही, तपासनीस आला. तिकीट बघितलं, उलटंपालटं केलं, मान हलवली आणि मला खाली उतरवून दंड केला. मी त्याला मराठीत, हिंदीत आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडं पंच करायचं काम सरकारी माणसाचं असतं, प्रवाशाचं नसतं. त्याला तिन्ही भाषा सारख्याच होत्या. फूटपाथवर उभं राहून मी सुशीलेची वही उघडली. निघताना तिनंच ती माझ्या बॅगेत टाकली होती आणि मी अजून बघितली नव्हती. अकराव्या पानावर लिहिलं होतं, "डब्यात चढलं की तिकीट पिवळ्या पेटीत घालायचं. कंडाक्टर येत न्हाई. यांना सांगायचं, इसरतील."

मुख्याध्यापक मी, आणि चौथी पास बाईनं हजारो मैलांवरनं मला कोंबडा केला. हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

दुसरा दिवस

सकाळी सातला पुलावर गेलो, वहीत लिहिल्याप्रमाणं. दोन्ही बाजूंना काळे पडलेले दगडी साधुसंत ओळीनं उभे, खाली नदी, वर किल्ल्याचे मनोरे. सुंदर आहे. खोटं कशाला बोलू, डोळे निवतात. अंगावर काटा आला तो नुसत्या थंडीनं नव्हे.

समोरून एक म्हातारा-म्हातारी आले. ऐंशीच्या घरातले, एकमेकांच्या हातात हात घालून, एका पावलाचा मेळ धरून. आपल्याकडं नवरा दहा पावलं पुढं आणि बायको पिशवी घेऊन मागं. मीही आयुष्यभर तसाच चाललो. पुलाच्या मध्यावर आल्यावर मी थांबलो, मागं वळलो आणि "चल की लवकर" म्हणायला तोंड उघडलं. मागं एक जपानी पोरगी फोटो काढत होती. ती घाबरून बाजूला झाली.

मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि रडलो. वयाच्या बासष्टाव्या वर्षी, परक्या मुलखात, उघड्यावर. कुणी बघितलं नाही, तिकडं लोक बघत नाहीत.

अकराला घड्याळाखाली. सुशीलेनं बजावलं होतं की फोन करून दाखवा. बीडला तेव्हा दुपारचे साडेतीन. फोन लावला. तिनं उचलला, पण पडद्यावर आमच्या घराचा पंखा दिसत होता, ती नाही. तास झाला, सापळ्यानं घंटी ओढली, खिडक्या उघडल्या, बारा जण येऊन बघून गेले. एक मिनिट पुरतं झालं नसेल. चौकातली सगळी माणसं मोबाइल वर धरून उभी.

"दिसलं का गं?"

"माणसांची डोस्कीच लई दिसत्यात."

"आता बंद झालं बघ."

"झालं का? ठिवा मग."

आवाज कोरडा होता. मला वाटलं, वाईट वाटलं असेल बिचारीला. बिचारीला!

तिसरा, चौथा

किल्ला पाहिला. आतलं मोठं चर्च पाहिलं. रंगीत काचांतून फरशीवर ऊन पडतं ते वहीत लिहिलेलं होतं, तेही पाहिलं. आता मी बघायला आलेला माणूस राहिलो नव्हतो, एखादी यादी घेऊन दुकानात पाठवलेल्या गड्यासारखा फिरत होतो. जेवायला एका तळघरात गेलो. मांसाचा दाट तपकिरी रस्सा आणि सोबत वाफवलेल्या कणकेचे जाड काप. रस्सा बरा होता, पण काळा मसाला नाही, तिखट नाही, सगळं समजूतदार. शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू आलं. कोल्हापूरकडचं जोडपं होतं, तिशीतलं. माणसं भली. त्यांनी आग्रहानं मला त्यांच्याकडं बसवलं.

"काका, काकूंना नाही आणलं?" ती मुलगी म्हणाली.

"तिला हौस नाही अशी," मी म्हणालो.

पहिल्या दिवशी तिला आजारी पाडली, तिसऱ्या दिवशी तिची हौस पण पुसून टाकली. हे लिहायलाच पाहिजे. बोललो तेव्हा जीभ जराही अडखळली नव्हती. जुनी सवय.

निघायच्या सकाळी नाश्त्याच्या बाईनं मधाची एक छोटी बरणी कागदात गुंडाळून दिली. आजारी बाईसाठी. स्वतःच्या घरची असावी, झाकणावर हातानं काहीतरी लिहिलेलं होतं. मी दोन्ही हात जोडले. विमानतळाच्या तपासणीत ती बरणी हातातल्या बॅगेतून नेता येत नाही म्हणून काढून घेतली. मी हुज्जत घातली नाही. घरी नेऊन सुशीलेला काय सांगणार होतो, मध कुणी दिला आणि कशाबद्दल?

बीड

दार उघडलं, बॅग घेतली, पाणी दिलं. "कसं व्हतं?" एवढंसुद्धा नाही. मी आपण होऊन सांगायला लागलो, पूल असा, किल्ला तसा. ती तांदूळ निवडत राहिली. "मला ठाव हाय," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझा चहा झाल्यावर तिनं समोर तीन कागद ठेवले. एक ते नकाराचं पत्र, जे मी कपाटात कपड्यांखाली दडपून गेलो होतो. एक उमापूरच्या शाळेतला तिचा उतारा. तिसरा स्टँपपेपर, टाइप केलेला.

ज्या दिवशी मी घड्याळाखाली फोन धरून उभा होतो, त्याच दिवशी सकाळी तिला ते पत्र सापडलं होतं. इंग्रजी वाचता येईना म्हणून ती ते घेऊन रफिकभाईंकडं गेली. त्यांना वाटलं, गुरुजींनी सगळं सांगितलंच असेल. त्यांनी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी गाडी बदलून उमापूरला गेली. लग्नानंतर एकटीनं केलेला तिचा हा पहिला प्रवास.

"हेडमास्तरीन बाई व्हती. तिनं चा पाजला. जुनं रजिस्टर काढून माजं नाव दावलं," ती म्हणाली. "ह्याच्यावर तुमची सही लागती."

मी वाचलं. विवाहाच्या वेळी माझी पत्नी सुशीला हिचे वय पंधरा वर्षे होते. सेवापुस्तकातील तारीख मी जाणूनबुजून चुकीची लिहिली.

"जाणूनबुजून काढू या," मी म्हणालो. "नजरचुकीनं असं घालू. काम तेच होतं."

"नजरचुकीनं?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "पंधरा वर्सांची व्हते मी. तुमच्या आईच्या मागं शेनाच्या पाट्या उचलीत व्हते. रातच्याला माय आठवायची तर तोंडात पदर कोंबून रडत व्हते. मला वाटायचं, त्या टायमाला रीतच तशी व्हती, कुनाला कळत नव्हतं. तुमाला कळत व्हतं की. कळलं म्हून तर खोडलं."

मी म्हणालो, "नोकरीचा प्रश्न होता गं."

"आसंल. त्याचं मला एवढं न्हाई." तिचा आवाज फुटला. "तुमी लोकांच्या पोरींची लग्नं मोडाया जायचे, तवा मी पहाटं पहाटं उठून डबा बांधायची. लई अभिमान वाटायचा वो. बायकांत सांगायची मी. मला वाटायचं, माजं बघून ह्यांना समजलंय. माज्यासाटी करत्यात."

जाणूनबुजून हा शब्द मी तसाच राहू दिला.

नोटरीकडं दोघं गेलो. माझा विद्यार्थी खुर्चीतून उठला, "सर, या या," म्हणाला, खुर्ची पुसली. मग कागद वाचला. दोनदा वाचला. मान वर न करता नियमाप्रमाणं विचारलं, "सर, मजकूर वाचलाय ना? खरा आहे?"

"खरा आहे," मी म्हणालो. झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद केलं होतं.

सही केली. शिक्का पडला. सुशीलेनं कागद घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. पायऱ्या उतरताना मला जरा हलकं वाटायला लागलं होतं, आता झालं गेलं, पुढचं बघू, अशा बेतानं मी म्हणालो, "रफिकभाईंना सांगून टाकतो, दिवाळीच्या पुढंमागं दोघांचे अर्ज घाला म्हणून."

"दोघांचं कावून?" ती म्हणाली. "तुमचं बघून झालंय की."